डाव्या दारातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पुढे दोन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागे सामानाचा हौदा, एवढाच माझा संसार. माझा रंग निळा. म्हणजे कारखान्यातून निघाले तेव्हा निळा होता, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. उजवा आरसा दोरीने बांधलेला आहे आणि थंडीत दोनदा खाकरल्याशिवाय मी सुरू होत नाही. पण मी रडगाणं गायला बसलेले नाही हं. मला माझ्या डाव्या दाराची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या दाराशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाची.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सपाट पत्रे दाबले, वाकवले, जोडले आणि मला आकार आला. रंग झाला, काचा बसल्या. रांगेच्या अगदी शेवटी एक तपासनीस बाई असायच्या. त्या प्रत्येक दाराखाली वाकून तिथल्या तीन भोकांत बारीक तार घालून बघायच्या. शेजारी नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, “बाई, ही भोकं कशाला? पाणी नाही का शिरणार?”

“अगं, शिरलेलं निघायला नको का?” बाई म्हणाल्या. “काचेच्या फटीतून थोडं पाणी दारात उतरतंच. ते खालून गळून गेलं की झालं.”

मी ते ऐकून ठेवलं. या तीन भोकांपायी पुढे आमच्या घरी केवढं रामायण होणार आहे, हे मला तेव्हा काय ठाऊक!

पहिली नऊ वर्षं मी एका रोपवाटिकेत काढली. कुंड्या, माती, खताची पोती. तिथली माळीणबाई मला रोज धुवायची आणि “माझी निळी किती गुणाची” म्हणायची. कौतुक कोणाला नको असतं? मीही फुशारून जायची. मग तिथे नवी, मोठी गाडी आली आणि मी सहा महिने भिंतीला पाठ लावून उभी राहिले. माझ्या हौद्यात गवत उगवलं. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

तिथून मला सोडवलं ते खुर्च्यांच्या माणसाने. आमचा मालक जुन्या खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करतो. मोडका पाय बसवतो, वेत विणतो, गाद्या नव्याने भरतो. त्याची बायको कव्हरं शिवते. दुकान घराला लागूनच आहे, तिथे येणारा जो तो तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणते. आणि तिसरे बाबा, म्हणजे मालकाचे वडील.

बाबांनी चौतीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात नोकरी केली. काम एकच, जमिनीखालच्या नळाची गळती शोधायची. त्यांच्याकडे एक लोखंडी सळई होती, तिच्या टोकाला वाटीएवढी लाकडी चकती. सळई रस्त्यावर टेकवायची, चकतीला कान लावायचा, डोळे मिटायचे. मग दोन पावलं सरकायचं, पुन्हा ऐकायचं, आणि सांगायचं, “इथे खणा.” तिथे खणलं की पाणी निघायचंच. खात्यात त्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणत. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगात एक गोष्ट इतकी भिनली होती, की कुठेही थेंब पडताना दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. पाहुणे म्हणून कोणाकडे गेले तरी न्हाणीघरातला गळका नळ घट्ट करूनच परत यायचे.

मालकाची आई गेल्यावर मात्र ते भिंतीकडे बघत बसायला लागले. मालकाने दोन महिने ते पाहिलं आणि एका सकाळी म्हणाला, “बाबा, चला माझ्याबरोबर. मला पत्ते सापडत नाहीत.”

हे खोटं होतं. त्याला पत्ते सापडत होते. पण बाबा माझ्या डाव्या सीटवर बसले आणि मालकाच्या लक्षात आलं, की आपण आजवर सगळीकडे लांबून जात होतो.

“पुढे डावीकडे घे. तिथे खालून दोन मोठे नळ एकमेकांना ओलांडतात.”

“बाबा, मला नळ कसे दिसणार? दुकानाची पाटी सांगा की.”

“पाट्या दर वर्षी बदलतात. नळ तिथंच आहे. घे डावीकडे.”

अशी आमची तिघांची गाडी छान चालली होती. बाबा मांडीवर एखादा नाजूक खुर्चीचा पाय सांभाळत बसायचे, कोपर काचेवर टेकवायचे आणि रस्ताभर बोलायचे. कुठल्या चौकात कुठल्या वर्षी कारंजं उडालं होतं, कुठल्या गल्लीत खोदताना जुनं नाणं सापडलं होतं. मालक “हं, हं” करायचा. मी मात्र सगळं ऐकायची. रिकाम्या हौद्याने फिरताना तेवढीच करमणूक.

आणि मग पावसाळा आला.

त्या दिवशी दुपारी पाऊस थांबून अर्धा तास झाला होता. मालक एका घरात सोफा पोचवायला गेला होता. बाबा पाय मोकळे करायला उतरले, आणि त्यांना माझ्या डाव्या दाराखालून पाणी टपकताना दिसलं. टप. टप. टप.

“अरेच्चा! पाऊस थांबला तरी ही गळतेच आहे की!”

बिचारे खाली वाकले. बोटाने चाचपून त्यांनी तीन भोकं शोधली, कायम जवळ असणाऱ्या पिशवीतून मळून लावायची पुट्टी काढली. दगडासारखी घट्ट होते ना, तीच. त्यांनी तिच्या तीन गोळ्या केल्या आणि एकेक गोळी अंगठ्याने दाबून भोकात बसवली. वरून फडक्याने पुसलं. थेंब थांबले. बाबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! त्यांना वाटलं, पोराच्या गाडीचं एक काम आपण न सांगता करून टाकलं.

मी काय करणार, मित्रांनो? कारखान्यातल्या बाईंचे शब्द मला पाठ होते. पण मला हॉर्न सोडला तर आवाज नाही, आणि तोही दुसऱ्या कोणी दाबावा लागतो.

पुढच्या दोन-तीन सरींत डावं दार भरत गेलं. पाणी वर चढत चढत दाराच्या आतल्या अस्तरामागच्या फटीपर्यंत आलं आणि तिथून गुपचूप केबिनमध्ये उतरलं. आधी पायाखालची मॅट ओली झाली. मग मॅटखालचा फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसला. काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. कुबट वास सुटला. बाबांचे मोजे रोज ओले. वळणावर दारात खळखळ आवाज यायचा. बाबा म्हणाले, “काहीतरी वाजतंय रे.”

“पाण्याची बाटली आहे दाराच्या खणात,” मालक म्हणाला. बाटली होती खरी, पण ती काठोकाठ भरलेली होती. भरलेली बाटली कधी खळखळते का? माझा नुसता संताप झाला.

मालकाने आधी काचवाल्याला गाठलं. काचवाला म्हणाला, समोरच्या काचेची रबरी पट्टी जुनी झाली आहे. त्याने चारी बाजूंनी सील भरून दिलं. पाऊस आला, मॅट ओली. मग पत्रेवाल्याने टपाचे जोड भरले. पाऊस आला, मॅट ओली. समोरचा किराणावाला म्हणाला, अँटेनाच्या भोकातून येत असेल. अँटेना काढली, बूच मारलं. आता रेडिओही गेला आणि मॅट तर ओलीच. मालकाच्या नाकी नऊ आले. तो काचवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला वाट्टेल ते बोलून आला. काम येत नसेल तर दुकान बंद करा म्हणाला. पंधरा वर्षांची ओळख, पण दोघांचं बोलणं बंद झालं.

बाबांनी एकदा म्हणून बघितलं, “मी ऐकून बघू का जरा?”

“बाबा, ही गाडी आहे. नळ नाही,” मालक वैतागून म्हणाला.

मांडीवरचा खुर्चीचा पाय बाबांनी उगाच पुसला. मला फार वाईट वाटलं.

मग बाबांना खोकला लागला. आठवडा गेला, दुसरा गेला, खोकला हटेना. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, “दिवसभर कुठे बसता?” मालकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्या ओल्या, कुबट गाडीत यांना बसवू नका. या वयात छातीत ओल धरली तर जड जाईल.”

घरी आल्यावर मालकाने हातात पाना घेतला आणि माझी डावी सीट सोडवायला लागला. तशीही ती खालून कुजत आली होती. तिच्या जागी खोकी ठेवायची, असं त्याने ठरवलं.

“कायमची काढतोस?” बाबांनी विचारलं.

“मग काय करू, बाबा? तिघांनी हात टेकले. ही गळती काही सापडायची नाही. तुमची छाती महत्त्वाची. तुम्ही घरी आराम करा.”

“हो, हो. तेच बरं,” बाबा म्हणाले. आणि ते पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

माझी सीट दुकानाच्या कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांमध्ये पडून राहिली. एकदा अंगणातून मी पाहिलं, बाबा त्या सीटवर जाऊन बसले होते. जमिनीवर ठेवलेली सीट, गुडघे पार हनुवटीपाशी आलेले, आणि बाबा कोपर टेकवायला काच शोधत होते. काच कुठून असणार तिथे? त्यांनी हात मांडीवर घेतला. ते वहिनींनीही पाहिलं. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. वहिनी बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. “बाबा, तुमची सळई कुठे आहे?”

“माळ्यावर. का गं?”

“सगळ्या गावाच्या गळत्या शोधल्यात, आणि घरातली एक तशीच ठेवणार? उठा बघू.”

“तो म्हणतो, ही गाडी आहे, नळ नाही.”

“तो खूप काही म्हणतो. त्याचं ऐकत बसले असते तर माझं शिवणयंत्रसुद्धा आलं नसतं. उठा.”

बाबा उठले, आणि मित्रांनो, पाचच मिनिटांत मला वेगळा माणूस दिसायला लागला. बाह्या वर, आवाज खणखणीत. “आधी सगळं कोरडं करायचं. ओल्यात ओल कशी सापडणार?” मॅट काढली, फोम उन्हात टाकला, माझा तळ फडक्याने पुसला. वहिनींनी कापडावर खुणा करायचा निळा खडू खरवडून त्याची पूड केली. ती त्यांनी केबिनमध्ये सगळ्या जोडांवर, काचेच्या कडांना, दोन्ही दारांच्या अस्तरांखाली भुरभुरवली. पाणी जिथून उतरेल तिथे पूड काळपट होणार. मग त्या विजेरी घेऊन आत बसल्या आणि बाबांनी बाहेर नळी धरली.

“काचवाल्याने आणि पत्रेवाल्याने तपासताना एकदम टपावरून पाणी ओतलं होतं,” बाबा म्हणाले. “मग कळणार कसं? बाकीचं ताडपत्रीने झाकायचं. एक जागा, दहा मिनिटं. घाई नाही.”

समोरच्या काचेवर दहा मिनिटं. “कोरडं, बाबा!” टपाच्या जोडांवर दहा मिनिटं. “कोरडं!” म्हणजे काचवाल्याने आणि पत्रेवाल्याने कामं चोख केली होती. मग उजव्या दारावर. आत कोरडं, आणि दाराखालून टप, टप, टप. बाबा त्या थेंबांकडे बघत राहिले. मग नळी डाव्या दारावर आली.

“बाबा! इकडे पूड भिजली! अस्तराखालून ओघळ आलाय!”

बाबा खाली वाकले. डाव्या दाराखालून एकही थेंब पडत नव्हता. “दोन्ही दारं सारखी. ते खालून गळतं आणि आतून कोरडं. हे खालून कोरडं आणि आतून गळतं,” ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी सळई दारावर टेकवली, चकतीला कान लावला, डोळे मिटले. मी इंचभरसुद्धा हलले नाही. वहिनींनी आतून दार हळूच ढकललं. खळ्ळ.

“भरलंय गं. अर्ध्यापर्यंत भरलंय!”

त्यांनी दाराच्या कडेखाली बोटं फिरवली. आणि बोटं थांबली. गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून त्यांनी खालून पाहिलं. तिथे पुट्टीचे तीन ठिपके होते आणि मधल्या ठिपक्यावर अंगठा उमटला होता. बाबांनी आपला अंगठा त्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

त्यांचा चेहरा पार उतरला. वहिनी आत होत्या, मालक दुकानात ठोकाठोक करत होता. कोणी बघत नव्हतं. ते तीन खडे उकरून खिशात टाकले असते तर गळती सापडली एवढंच सगळ्यांना कळलं असतं. मी तर काय, बोलणारच नव्हते. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, टाका खिशात, बाबा.

पण त्यांनी हाक मारली. “अरे, जरा बाहेर ये.”

मालक हातोडी घेऊनच आला.

“ही गळती मी केली,” बाबा म्हणाले. “हा बघ माझा अंगठा. थेंब दिसले आणि बुजवून टाकले. पाणी बाहेर जायची वाट होती ती. चौतीस वर्षं थेंब बंद केले, आणि कुठला थेंब चालू ठेवायचा एवढं कळलं नाही मला.”

बाबांनी पेचकस घेऊन मधला खडा उकरला. भस्सकन पाणी आलं! बाबांच्या चपला, मालकाचे पाय, सगळं चिंब. बाकीचे दोन खडे काढले तसं बादलीभर काळं, घाणेरडं पाणी अंगणभर वाहिलं. इतक्या आठवड्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. तेवढ्यात वहिनींना हसू फुटलं. मग मालकाला. बाबा मात्र हसले नाहीत.

मालक त्यांच्या शेजारी ओल्यातच बसला. “मी तीन जणांना विचारलं, बाबा. घरात कानवाले बसलेले, आणि मी किराणावाल्याला विचारलं! तुम्ही ऐकून बघतो म्हणालात तेव्हाच ऐकू दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सापडलं असतं हे.”

“सापडलं असतं,” बाबा म्हणाले. “त्या काचवाल्याला तू काय काय बोलून आलास रे!”

“हो ना,” म्हणत मालकाने कपाळावर हात मारला.

“मी येतो बरोबर. चूक माझी आहे, मी सांगतो त्याला.”

पण लगेच नाही हं. वहिनींनी ठणकावून सांगितलं, गाडी पूर्ण वाळेपर्यंत आणि खोकला जाईपर्यंत बाबा पाय ठेवणार नाहीत. चार दिवस माझी दारं उन्हात सताड उघडी होती. अस्तरामागचं फाटलेलं प्लास्टिक काढून वहिनींनी नवं लावलं. कुजलेला फोम फेकून दिला. आणि मालकाने माझी ती सीट स्वतःच्या हाताने नव्याने भरली. लोकांच्या खुर्च्यांना वापरतो त्याहून चांगला फोम घातला, कोपराला टेकायला बाजूला एक छोटी उशीही शिवून घेतली. दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून मान हलवली, त्याच दिवशी त्याने चारही बोल्ट आवळून सीट जागेवर बसवली.

पहिली फेरी काचवाल्याकडे होती. “पुढे उजवीकडे घे, तिथे जुना व्हॉल्व्ह आहे,” असं बाबा म्हणाले, आणि मालकाने मुकाट्याने गाडी उजवीकडे घेतली. काचवाल्याने आधी तोंड फिरवलं. बाबांनी सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. मालकाने माफी मागितली. शेवटी काचवाल्याने तिघांसाठी चहा मागवला, पण “दुकान बंद करू का मग?” असा टोमणा मारल्याशिवाय त्याने कप काही पुढे केला नाही.

चहा होईतो एक जोरदार सर येऊन गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. पाऊस थांबला आणि माझ्या दोन्ही दारांखालून थेंब पडायला लागले. टप. टप. टप. बाबा दुकानाच्या पायरीवर आले. त्यांचा उजवा हात आपोआप पिशवीकडे गेला. मी पाहिलं, त्यांनी तो मागे घेतला.

रस्त्याने जाणारी एक बाई थांबून म्हणाली, “आजोबा, तुमच्या गाडीचं दार गळतंय बघा.”

“हो,” बाबा कौतुकाने म्हणाले. “दोन्ही गळतायत.”

ती बाई त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत निघून गेली. बाबा वाकले, आत हात घालून त्यांनी माझा तळ चाचपला, आणि कोरडा तळवा मालकाला दाखवला.

आता दर आठवड्याला बाबा बारीक तार घेऊन माझ्या दारांची सहाही भोकं साफ करतात, थेट कारखान्यातल्या त्या बाईंसारखेच. मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्याकडे एखादी जुनी गाडी असेल तर ती ओली झाली म्हणून तिला लगेच टाकून देऊ नका. दाराखाली वाकून बघा, पाण्याची वाट बुजली असेल तर मोकळी करा. आणि घरात असे एखादे बाबा भिंतीकडे बघत बसले असतील, तर त्यांना विचारा. काचवाल्याकडे नंतर जा.